स्तनातली गाठ आणि लिम्फोमा

स्तनात सुरू होणारा लिम्फोमा हा लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींचा कर्करोग. दुधाच्या नलिकांत उगवणाऱ्या नेहमीच्या स्तनकर्करोगाशी त्याचे नाते नाही. गाठ मात्र त्याच जागी हाताला लागते. स्तनाच्या सगळ्या कर्करोगांत त्याचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. बहुतेक रुग्ण साठीच्या आगेमागे असलेल्या स्त्रिया. गाठ सहसा दुखत नाही, पण भराभर वाढते. स्तनाग्र आत ओढले जाणे किंवा त्यातून स्राव येणे क्वचितच आढळते. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या तरुण बाईचे दोन्ही स्तन झपाट्याने सुजू लागले, तर बर्किट लिम्फोमाची शंका घ्यावी लागते.

मॅमोग्राफीत गोल किंवा लांबट, दाट, पांढरी गाठ दिसते. नेहमीच्या कर्करोगात गाठीतून काट्यांसारखे फाटे निघतात, कॅल्शियमचे बारीक कण सांडलेले दिसतात. इथे बहुधा दोन्ही नसतात. सोनोग्राफीत गाठ इतकी काळी उमटते, की पाण्याची गाठ वाटावी. डॉपलर लावले की आतला भरपूर रक्तप्रवाह दिसतो आणि तो भ्रम फिटतो. पेट-सीटीमध्ये ती बहुधा ठळक उजळते. तिथे फक्त स्तन आणि त्याच बाजूची काख उजळली, तर रोग स्तनातलाच मानतात. इतरत्र आधीपासून लिम्फोमा नसावा, ही अट वाइजमन आणि लियाओ या संशोधकांनी १९७२ मध्येच घातली होती. तरीही निव्वळ चित्रावरून निदान करता येत नाही.

निदान होते सुईने काढलेल्या तुकड्यावर. बारीक सुईने ओढलेल्या पेशी अनेकदा अपुऱ्या पडतात. जाड सुईची कोअर बायोप्सीच हवी. सूक्ष्मदर्शकाखाली मोठ्या पेशींचे एकसलग थर दिसतात, नलिका किंवा पुंजके बनत नाहीत. कधी पेशी एकामागे एक रांगेत लागतात आणि लोब्युलर कर्करोगाचा भास होतो. खरा घोटाळा पुढेच. इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर-२ या तीनही चाचण्या निगेटिव्ह आल्या, की रिपोर्टवर ‘ट्रिपल निगेटिव्ह’ लिहिले जाऊ शकते. म्हणून आयएचसीत, म्हणजे पेशींवरची प्रथिने रंगवून ओळखणाऱ्या तपासणीत, सायटोकेरॅटिन (नेहमीच्या कर्करोगाची खूण) आणि एलसीए (पांढऱ्या रक्तपेशींची खूण) ही जोडी लावायलाच हवी. पहिले निगेटिव्ह, दुसरे पॉझिटिव्ह आले की दिशा लिम्फोमाची. पुढे सीडी-२० बी पेशी ओळखते. सर्वाधिक आढळतो तो डिफ्यूज लार्ज बी-सेल प्रकार. त्यानंतर मंद गतीचे मार्जिनल झोन आणि फॉलिक्युलर.

तुकडा प्रयोगशाळेत नीट पोहोचणेही महत्त्वाचे. उदाहरणार्थ, पुण्याजवळच्या चाकणमधल्या छोट्या दवाखान्यात घेतलेला तुकडा तपासायला पिंपरीला किंवा पुण्याला धाडावा लागतो. तो लगेच दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये पडला नाही, तर पेशी कुजतात आणि आयएचसी फसते. पिंपरीच्या संत तुकारामनगरात महापालिकेचे वायसीएम रुग्णालय आहे, डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालयही आहे. मुंबईला टाटा रुग्णालयात दुसरे मत घ्यायचे, तर कागदी रिपोर्टबरोबर मेणाचा ब्लॉक आणि स्लाइडही न्याव्या लागतात.

एवढी खातरजमा शस्त्रक्रियेआधीच हवी, कारण स्तन काढून या रोगात आयुष्य वाढत नाही. मोठ्या पेशींच्या प्रकारात आर-चॉप ही केमो आणि बहुधा नंतर रेडिएशन देतात. त्यातले लाल डॉक्सोरुबिसिन स्ट्रेप्टोमायसिस या जंतूंच्या प्रजातीतून मिळाले.   आर-चॉपमधला ‘आर’ म्हणजे रिटुक्सिमॅब; त्याची भारतीय आवृत्ती २००७ मध्ये डॉ. रेड्डीजने आणली.

सिलिकॉन इम्प्लांटभोवती होणारा लिम्फोमा मात्र टी पेशींचा. खरबरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी तो जोडला गेला आहे. बसवल्यानंतर सहसा आठ-दहा वर्षांनी भोवती पाणी साचते. त्यात सीडी-३० पॉझिटिव्ह, एएलके निगेटिव्ह पेशी सापडतात. इथे इम्प्लांट आणि त्याभोवतीचे आवरण पूर्ण काढणे हाच मुख्य उपचार.

मोठ्या पेशींचा प्रकार बरा झाल्यावरही दुसऱ्या स्तनात किंवा मेंदूत उलटू शकतो. म्हणून पाठपुराव्यात दोन्ही स्तनांची तपासणी होते, आणि नवी डोकेदुखी किंवा हातापायातली कमजोरी तातडीने डॉक्टरांना सांगायची असते.