तिकिटांचे फाजील नाद

पक्का तिकीट-संग्राहक ओळखायचा असेल तर त्याच्यापुढे एक जुनं तिकीट ठेवावं. तो बोट लावणार नाही, आधी चिमटा शोधेल. मग भिंग काढेल, दातेरी कड मोजेल, कागद उजेडाला धरून जलचिन्ह पाहील, मागचा डिंक शाबूत आहे की नाही ते बघेल, आणि एवढं सगळं झाल्यावर ‘बरं आहे’ एवढंच म्हणेल. त्याच्या बोलण्यात १८५२ ची ‘सिंद डाक’ असते, १८५४ च्या चार आण्यांच्या तिकिटावर लाल चौकटीत उलटी छापली गेलेली निळी व्हिक्टोरिया राणी असते, १९४८ चे दहा रुपयांचे गांधीजी असतात. यातलं काहीच त्याच्या खिशाला परवडणारं नसतं, तरी तो त्याबद्दल घरच्या माणसांसारखं बोलतो.

अशा माणसाच्या कपाटात खालच्या खणात बहुधा आणखी एक अल्बम असतो. तो प्रदर्शनाला जात नाही, परीक्षकांना दाखवला जात नाही. त्यातला माल फाजील असतो, पण तो जमवायला लागणारी नजर मात्र वरच्या खणातलीच.

शहाद्यासारख्या गावात हा दुसरा अल्बम जास्त रंगतो. इथे तिकिटांचे व्यापारी नाहीत. मुंबईच्या जीपीओतलं फिलाटेली ब्युरो लांब. हाताशी असतात ती घरातली जुनी पत्रं. ती काळाच्या क्रमाने लावून नुसते पत्ते वाचावेत. आजोबांच्या पाकिटावर ‘शहादा, जि. पश्चिम खानदेश’. १९०६ मध्ये खानदेशाचे दोन भाग झाले तेव्हापासूनचा हा पत्ता. पुढे ‘जि. धुळे’ येतो, इंग्रजीत लिहिलेला असेल तर ‘धुलिया’. १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा झाला आणि पुन्हा पत्ता बदलला. राज्याचं पाहावं तर मुंबई इलाखा, मग मुंबई राज्य, मग १९६० पासून महाराष्ट्र. गोमाई नदी आहे तिथेच आहे, घरही तेच, आणि पाकिटावरचं गाव मात्र सारखं फिरतंय. अशी चार-पाच पाकिटं एका पानावर लावली की खानदेशाचा प्रशासकीय इतिहास तयार होतो, तोही फुकटात.

पत्त्याच्या खाली पिन कोड आला की खेळ आणखी वाढतो. १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झालेली ही सहा आकड्यांची पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकरांनी बसवली. हे केंद्रीय संचार मंत्रालयातले अधिकारी मूळचे संस्कृतातले कवी आणि नाटककार. १९७३ मध्ये दिल्लीला भरलेल्या जागतिक तिकीट प्रदर्शनाचे अध्यक्षही तेच होते. एकसारख्या नावांच्या गावांचा गोंधळ मिटवणं हे पिनचं एक काम. शहादा, शहापूर आणि दिल्लीचा शहादरा ही नावं घाईत खरडलेल्या अक्षरात एकमेकांशेजारी ठेवून पाहा, म्हणजे ते काम किती गरजेचं होतं ते कळेल. चुकीच्या गावी जाऊन, तिथला शिक्का खाऊन परत आलेली पाकिटं जमवणारे लोक आहेत. तिकीट साधं असलं तरी चालतं, भटकंती लांबची हवी.

शहाद्याचा पिन ४२५४०९. सुरुवातीचे तीन आकडे जळगावचे आहेत, धुळ्याचे नाहीत. धुळे शहर ४२४ मध्ये, आणि धुळे जिल्ह्यातलेच शिरपूर, दोंडाईचा पुन्हा ४२५ मध्ये. जिल्ह्याच्या सीमा आणि टपालाच्या सीमा कधी एक नव्हत्याच. नकाशात सुरत-भुसावळ लोहमार्गावर बोट फिरवलं की दोंडाईचा, नंदुरबार आणि जळगाव एका ओळीत येतात. धुळं त्या ओळीत नाही. ज्याला हे एकदा दिसलं तो मग प्रत्येक पाकीट उलटून पालटून पाहतो. काही जण तर उलटसुलट सारखेच वाचता येणारे पिन जमवतात. मुंबईच्या गिरगावचा ४००००४ हा त्यांचा लाडका.

तारखांचं वेड याच्याच जवळचं. ज्या शिक्क्यात महिना आकड्यात येतो, त्यावर १२-१२-१२ किंवा ११-१२-१३ मिळवायला माणसं स्वतःलाच पत्र टाकत. दोन्ही दिवस बुधवार होते, टपाल कचेरी उघडी होती. दोन्हीकडून सारखी वाचता येणारी ०२-०२-२०२० ही तारीख मात्र रविवारी आली. १२-०२-२०२१ शुक्रवारी आणि २२-०२-२०२२ मंगळवारी आली, तेव्हा काय ती भरपाई झाली. पुढची अशी तारीख ०३-०२-२०३०. कॅलेंडर पाहून ठेवलंय. पुन्हा रविवार.

सारंगखेड्याची यात्रा शहादा तालुक्यातलीच. दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो, त्यात मारवाडी आणि काठियावाडी घोडे असतात. भारतीय टपाल खात्याने ९ नोव्हेंबर २००९ ला देशी घोड्यांची चार तिकिटं काढली, त्यात हे दोन्ही आहेत. ‘मॅक्झिमम कार्ड’ हा गंभीर प्रकार आहे. चित्र, त्या चित्रावर लावलेलं तिकीट आणि शिक्का या तिन्हींचा विषय जुळला पाहिजे. यात्रेत काढलेला घोड्याचा फोटो, त्यावर घोड्याचं तिकीट, वर सारंगखेड्याचा शिक्का, असं कार्ड करून पाहावं. कडक परीक्षक म्हणेल, काठियावाडी घोड्याला शिक्का सौराष्ट्रातला हवा. म्हणू द्या. घोडा विकला कुठे जातो हाही त्याच्या चरित्राचा भाग आहे.

तिकिटांवरच्या चुका शोधण्यात मात्र परीक्षकही रमतात. १९५६ मध्ये पूर्व जर्मनीने संगीतकार शूमानचं तिकीट काढलं आणि मागे स्वरलिपी छापली शूबर्टची. सेंट किट्स-नेव्हिसच्या १९०३ च्या तिकिटावर कोलंबस दुर्बिणीतून पाहतोय, तेही दुर्बिणीचा शोध लागण्याच्या शंभरेक वर्षं आधी. अमेरिकेने स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचं तिकीट काढलं, तो फोटो निघाला लास वेगासमधल्या प्रतिकृतीचा. त्या प्रतिकृतीच्या शिल्पकाराला २०१८ मध्ये पस्तीस लाख डॉलर मिळाले. आपणही मागे नाही. १९४९ च्या एक आण्याच्या तिकिटावर बोधिसत्त्वाची मूर्ती आरशात पाहावी तशी उलटी छापली गेली, आणि १९५० मध्ये ती सुलटी करून तिकीट पुन्हा काढावं लागलं.

मग विचित्र वस्तूंचा कप्पा. टोंगा या बेटांच्या देशाने १९६९ मध्ये केळ्याच्या आकाराची तिकिटं काढली. शहाद्याच्या केळी-बागाईतदाराने ती पाहिली तर आधी वाण विचारील. भूतानने १९७२ मध्ये ग्रामोफोनवर वाजणारी गोल तिकिटं काढली, त्यांत लोकगीतं आणि देशाचा इतिहास. ही कल्पना बर्ट टॉड नावाच्या अमेरिकन माणसाची. तेव्हा जाणत्या संग्राहकांनी त्यांना खेळणी म्हणून नाकं मुरडली, आणि आज त्याच तिकिटांसाठी चांगले पैसे मोजतात. भारताने २००६ मध्ये चंदनाच्या वासाचं तिकीट काढलं, मग गुलाब, २००८ मध्ये मोगरा, २०१७ मध्ये कॉफी. अल्बम उघडून हुंगणारा माणूस पाहिला नसेल तर चंदनाच्या तिकिटाचा मालक गाठावा. मिरचीचं तिकीट निघायचं झालंच, तर नंदुरबारची मिरची आहेच. हुंगणाऱ्याची जबाबदारी त्याची.

सगळ्यात पुढे गेला तो डोनाल्ड इव्हान्स हा अमेरिकन चित्रकार. त्याने अस्तित्वात नसलेल्या देशांची तिकिटं रंगवली, त्या देशांना हवामान, फळं, चलन दिलं, वर शिक्केही मारले. १९७७ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमला आगीत त्याचा अंत झाला. आता त्याची तिकिटं चित्र म्हणून जमवली जातात, आणि टपालाशी काडीचाही संबंध नसताना ती पाहताना तिकीटवालेच जास्त वेळ थांबतात.

आंतरराष्ट्रीय प्रदर्शनांतही हल्ली ‘ओपन’ नावाचा वर्ग असतो. त्यात निम्म्यापर्यंत टपालाबाहेरचं साहित्य लावता येतं. म्हणजे पपईच्या पेटीवरचं लेबल, साखर कारखान्याची उसाची पावती, यात्रेतल्या घोड्याचा फोटो असं काहीही, विषय जुळला की बास. फ्रेममध्ये सोळा पानं बसतात. पश्चिम खानदेश ते नंदुरबार या पत्त्यांना तेवढी पुरतात, आणि सारंगखेड्याच्या घोड्याला मधे एक पान देता येतं.