ट्रॅक्टरच्या पॉवर स्टीअरिंगचा नवा पंप बसवितांना

ट्रॅक्टरचें स्टीअरिंग जड झालें, कीं पंप निकामी झाला असें समजून नवा पंप आणण्याची घाई होते. आणि कित्येकदां तो नवा पंपही थोड्याच दिवसांत कुरकुरूं लागतो. जूं खडबडीतच राहिलें, तर नव्या बैलाचाही खांदा सुजावयाचाच! पंपाचा नाश बहुधा तेलांतील घाण व हवा यांनीं होतो. तीं काढल्याखेरीज नवा पंप टिकत नाहीं. स्टीअरिंगच्या तेलाची टाकी निराळी असलेल्या ट्रॅक्टरास धरून हें विवेचन केलें आहे.

इंजिनाच्या बळावर फिरणारा पंप टाकींतील तेल ओढून मोठ्या दाबानें स्टीअरिंगच्या झडपेकडे पाठवितो, व तेथून तें सिलिंडरांत जाऊन चाकें वळवितें. सबब प्रथम टाकी पाहावी. तेल कमी आहे काय, फिल्टर तुंबला आहे काय, पट्टा असल्यास तो सैल आहे काय, हें तपासावें. तेलास फेस असल्यास हवा शिरत आहे, व तें दुधाळ असल्यास पाणी मिसळलें आहे असें समजावें. एवढ्यानें दोष न सांपडल्यासच पंपास हात घालावा.

ट्रॅक्टर सपाट जागीं उभा करून इंजिन बंद करावें, चाकांस उटी लावावी व बॅटरीची तार काढावी. स्टीअरिंग दोन्ही बाजूंस फिरवून दाब उतरवावा. पंपाभोंवतालची माती पुसूनच नळ्या सोडाव्या व त्यांचीं तोंडें स्वच्छ बुचांनीं बंद करावीं. निघालेल्या तेलांत धातूची चकाकी दिसल्यास टाकी व नळ्या धुणें अवश्य आहे.

नवा पंप जुन्याशीं ताडून पाहावा. फिरण्याची दिशा उलटी असल्यास त्याचें सील फुटतें. गॅस्केट व रबरी कड्या नव्या घालाव्या, पंपांत थोडें तेल भरावें, व बोल्ट आळीपाळीनें आंवळावे. दांड्यावर हातोडा मारूं नये. फिल्टर नवा व तेल पुस्तिकेंत सांगितलेलेंच असावें.

नंतर पुढील चाकें उचलून खालीं मजबूत ठोकळे द्यावे. इंजिन बंद असतांच स्टीअरिंग या टोंकापासून त्या टोंकापर्यंत सावकाश अनेक वेळां फिरवावें व तेल घालीत जावें. मग इंजिन मंद चालवून तेंच करावें. मात्र टोंकाशीं दाबून धरूं नये. बुडबुडे थांबले म्हणजे हवा गेली.

गळती शोधण्यास पुठ्ठा वापरावा, बोट कदापि लावूं नये. दाबाखालील तेलाची बारीक धार कातडी भेदून आंत शिरते. जखम टांचणीएवढी दिसली, तरी हात गमावण्याची पाळी येते. असें झाल्यास तत्काळ रुग्णालय गांठावें.

पंपाच्या मानानें फिल्टर व तेल यांचें मोल थोडें आहे. तेथें काटकसर करणें म्हणजे पंप पुन्हां विकत घेणेंच होय.