स्कॅनर 'दिसत नाही' म्हणजे नेमकं अडलंय कुठे? – उबुंटूवर स्कॅनर चालू करूया



शाळेतल्या सगळ्यात मौल्यवान वस्तूंपैकी एक म्हणजे जुनं जनरल रजिस्टर. त्यातली जन्मतारखेची एक ओळ कुणाच्या तरी दाखल्यासाठी चाळीस वर्षांनीही लागते. पण कागद पिवळा पडतो, कडा तुटतात, शाई उडते. म्हणून त्याची स्कॅन केलेली प्रत हवीच. आता शाळेत उबुंटूचा संगणक आहे, स्कॅनरही आहे, पण दोघांचं जुळत नाही. मग 'लिनक्सवर स्कॅनर चालतच नाही' असं म्हणून यंत्र कपाटावर जातं. खरं तर बहुतेक वेळा यंत्र चांगलं असतं, मधली एखादी कडीच सुटलेली असते. ती कोणती, हे क्रमाने शोधायचं.

आधी रचना समजून घेऊ

लिनक्सवर स्कॅनिंगचं काम 'सेन' नावाची मुक्त प्रणाली करते. तिचे दोन भाग आहेत. एक भाग यंत्राशी बोलतो, त्याला बॅकएंड म्हणतात. आपण यालाच ड्रायव्हर म्हणतो. दुसरा भाग आपल्याशी बोलतो, म्हणजे पडद्यावर दिसणारं ॲप. उबुंटूवर हे ॲप 'डॉक्युमेंट स्कॅनर' या नावाने असतं, त्यालाच 'सिंपल स्कॅन'ही म्हणतात. यंत्र, परवानगी, बॅकएंड आणि ॲप अशा या चार कड्या. तपासणी याच क्रमाने करायची.

१) यंत्र : काही सपाट स्कॅनरना तळाशी वाहतुकीसाठी कुलपाचा खटका असतो, तो उघडा आहे ना ते पहा. यूएसबी केबल हबमध्ये न लावता थेट संगणकाला लावा. आता टर्मिनल उघडून 'एलएसयूएसबी' ही आज्ञा लहान इंग्रजी अक्षरांत टाइप करा. जोडलेल्या उपकरणांची यादी येते. प्रत्येक ओळीत आयडी या शब्दापुढे चार-चार अक्षरांचे दोन गट असतात. पहिला गट कंपनीचा, दुसरा मॉडेलचा. उदाहरणार्थ, ०४ए९ म्हणजे कॅनन. यादीत स्कॅनर नसेल तर दोष केबल, पोर्ट किंवा यंत्रात आहे. सॉफ्टवेअर बदलत बसू नका.

२) परवानगी : यादीत यंत्र आहे, पण ॲपला सापडत नाही? मग 'स्कॅनइमेज' ही आज्ञा द्या. जागा सोडून आडवी रेघ आणि तिला चिकटून मोठं इंग्रजी 'एल'. ही आज्ञा नसेल तर 'सेन-युटिल्स' हे पॅकेज बसवा. उत्तरात स्कॅनरचं नाव आलं नाही, तर तीच आज्ञा आधी 'सूडो' लावून द्या. आता नाव आलं, तर ड्रायव्हर ठीक आहे, अडचण परवानगीची आहे. ॲडमिन खात्यावरून आपलं नाव 'स्कॅनर' गटात घाला (काही ठिकाणी 'एलपी' गट लागतो). नंतर लॉगआऊट करून पुन्हा लॉगइन व्हायला विसरू नका, नाहीतर बदल लागू होत नाही.

३) बॅकएंड : सूडोनेही नाव येत नसेल, तर ड्रायव्हर नाही. सेन प्रकल्पाने मॉडेलनुसार यादी ठेवलेली आहे, त्यात पूर्ण चालतं, बरं चालतं, चालत नाही अशी नोंद असते. एचपीच्या बऱ्याच यंत्रांसाठी 'एचपीलिप' लागतं, काहींना त्याचं जादा प्लगइनही लागतं. वायफायवरच्या नव्या ऑल-इन-वन यंत्रांना बहुधा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. ती 'सेन-एअरस्कॅन'मुळे ओळखली जातात, फक्त संगणक आणि यंत्र एकाच नेटवर्कवर हवेत. आणि गंमत पहा, नव्या विंडोजसाठी कंपनीने ड्रायव्हर देणं थांबवलेला जुना स्कॅनरही सेनवर चालू शकतो. म्हणून भंगारात देण्याआधी यादी पहा. नवा घेणार असाल तर पैसे देण्याआधी पहा!

४) ॲप : आज्ञेच्या उत्तरात नाव आलं, तर ॲप बंद करून पुन्हा उघडा. एकापेक्षा जास्त यंत्रं असतील तर योग्य यंत्र निवडा.

किती बारकाईने स्कॅन करावं?

रजिस्टरसाठी ३०० डीपीआय पुरतं. ए४ कागद २१० × २९७ मिलिमीटरचा, म्हणजे ३०० डीपीआयला साधारण २४८० × ३५०८ ठिपके. रंगीत असेल तर एका पानाचा कच्चा डेटा सुमारे २६ एमबी होतो. ६०० डीपीआय केलंत की तो चौपट! फाइल जेपीईजी किंवा पीडीएफ केली की आकार बराच कमी होतो. मात्र 'टेक्स्ट' हा पर्याय टाळा. त्यात छटा कमी ठेवल्या जातात, त्यामुळे फिकट शाई आणि शिक्के हरवतात. 'फोटो' पर्याय घ्या.

आणखी एक. रजिस्टरात मुलांची नावं, जात, जन्मतारीख असते. मोबाइलवरच्या फुकट ॲपमधून ती पानं कुठल्या सर्व्हरवर जातील, सांगता येत नाही. आपल्या संगणकावर स्कॅन केलं तर फाइल शाळेतच राहते. तिची एक प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवा आणि मूळ रजिस्टर मात्र जपूनच ठेवा.

तर मग, कपाटावरचा स्कॅनर खाली काढा आणि पहिल्या कडीपासून सुरुवात करा. पहिलं पान सावकाश लावा, पुढची भराभर होतात.