दोन मिनिटांची राइड, दिवसभराची सोबत

रोलर कोस्टरची एक फेरी साधारण दोन-अडीच मिनिटांची असते. त्यातलाही बराच वेळ गाडी चढण चढण्यात आणि शेवटी ब्रेक लागून स्टेशनात सरकण्यात जातो. दिवसभरात अशा दहा राइड्स केल्या, तरी सगळ्यांची बेरीज अर्ध्या तासाच्या आतच राहते. सकाळी आत शिरून संध्याकाळी बाहेर पडणाऱ्या माणसाचे उरलेले सगळे तास रांगेत, चालण्यात, खाण्यात आणि बाकावर टेकण्यात जातात. थीम पार्कमधला दिवस मजेत गेला की वैतागात, हे त्या तासांवर ठरतं. म्हणून कुठली राइड करायची, यापेक्षा कुणासोबत जायचं हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

कॉलेजपासूनची माझी मैत्रीण पुण्यात राहते, मी ठाण्यात. ती बोरघाट उतरून येते, मी खोपोली लोकल पकडते आणि खोपोली-पाली रस्त्यावरच्या इमॅजिकात आमचा दिवस एकत्र जातो. अड्लॅब्जचे मनमोहन शेट्टी यांच्या कल्पनेतून हे पार्क २०१३ साली उभं राहिलं आणि २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आलं. सिनेमाच्या धंद्यातल्या माणसाने उभारलेलं असल्याने तिथल्या राइड्सना गोष्टीची जोड आहे. ‘मिस्टर इंडिया’ या १९८७ च्या सिनेमावर बेतलेली राइड आहे, अंधाऱ्या वाड्यातून फिरवणारं ‘सलीमगढ’ आहे आणि खुर्चीत बसल्या बसल्या देशावरून उडवून आणणारं ‘आय फॉर इंडिया’ही आहे.

जत्रेपासून थीम पार्कपर्यंत

जत्रेत आकाशपाळणा असतो, मौत का कुआ असतो, पण त्यांचा एकमेकांशी संबंध नसतो. प्रत्येकाचं तिकीट वेगळं, मालकही बहुधा वेगळा. थीम पार्कमध्ये रस्ते, इमारती, संगीत, खाण्याच्या जागा आणि राइड्स हे सगळं एका कल्पनेत ओवलेलं असतं.

या प्रकाराची मुळं युरोपातल्या बागांमध्ये आहेत. डेन्मार्कमधलं बाकेन १५८३ पासूनचं मानलं जातं. कोपनहेगनचं टिव्होली १८४३ साली उघडलं. तिथे लोक आधी फिरायला, संगीत ऐकायला, चार माणसांत मिसळायला येत. पाळणे-घसरगुंड्या त्याच्या जोडीला. पुढे १८८४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला लामार्कस थॉम्पसन यांनी पाच सेंट तिकिटाची घसरती रेल्वे सुरू केली. तिचा वेग ताशी जेमतेम दहा किलोमीटर होता, तरी लोकांनी गर्दी केली.

आजच्या अर्थाने थीम पार्क म्हणावं असं डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात उघडलं. त्याची कल्पना कशी सुचली, हे वॉल्ट डिस्ने स्वतःच सांगत. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये मुली फिरत्या घोड्यांवर बसलेल्या असायच्या आणि ते बाकावर बसून त्यांची वाट बघायचे. मोठ्यांना आणि मुलांना एकत्र मजा करता येईल अशी जागा हवी, असं त्यांना तिथे वाटलं. या उद्योगाच्या मुळाशीच सोबतीचा विचार आहे, तो असा.

आपल्याकडे दिल्लीच्या प्रगती मैदानात १९८४ साली अप्पूघर आलं, मुंबईजवळ गोराईला १९८९ मध्ये एस्सेल वर्ल्ड. माझ्या पिढीच्या कितीतरी मुंबईकरांची पहिली मोठी शालेय सहल तिथलीच. बोटीतून खाडी ओलांडतानाच निम्मी मजा सुरू व्हायची.

रांगेचं गणित आणि रांगेतलं मन

रविवारी रांग लागणारच. ती किती वेळ खाणार, हे मात्र थोडं निरीक्षण केलं की कळतं. समजा गाडीत २८ जणांची जागा आहे आणि दर दोन मिनिटांनी एक गाडी सुटते आहे. म्हणजे तासाला ८४० माणसं बसतात. आपल्यापुढे ४२० जण असतील तर अर्धा तास धरायचा. रांगेतली माणसं म्हणजे तासाला पुढे सरकणारी माणसं गुणिले प्रत्येकाला लागणारा वेळ, हा हिशेब अमेरिकी अभ्यासक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केला. तो बँकेत, दवाखान्यात आणि टोलनाक्यावरही लागू पडतो. एखाद्या राइडवर दोनऐवजी एकच गाडी चालू असेल, तर छोटी दिसणारी रांगही तासभर घेते. म्हणून रांगेत शिरण्याआधी दोन गाड्या सुटेपर्यंत थांबून घड्याळ बघावं.

हे झालं घड्याळाचं. मनाचं गणित वेगळं असतं. व्यवस्थापनाचे अभ्यासक डेव्हिड मायस्टर यांनी १९८५ मध्ये वाट बघण्याच्या मानसशास्त्रावर एक लेख लिहिला, तो आजही या क्षेत्रात आधाराला घेतला जातो. रिकामा वेळ भरलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो, किती थांबायचं हे माहीत नसेल तर थांबणं जड जातं, आणि एकट्याने वाट बघणं सोबतीने वाट बघण्यापेक्षा लांबतं, अशी त्यांची मांडणी होती. पार्कमधल्या रांगा वळणावळणाच्या असतात, भिंतींवर चित्रं असतात, पडद्यावर गोष्टीची सुरुवात दाखवतात, ते याचसाठी. पण शेवटच्या मुद्द्यावर पार्क काही करू शकत नाही. सोबत आपणच न्यायची असते.

गेल्या खेपेला एका लांबलचक रांगेत मैत्रीण नोकरी सोडायचा विचार सांगत होती. दोन वाक्यं झाली की रांग सरकायची, आम्ही चार पावलं पुढे जायचो, लोखंडी कठड्याला पुन्हा टेकायचो आणि ती राहिलेलं वाक्य पुरं करायची. फोनवर हाच विषय कित्येकदा ‘बरं, नंतर बोलू’वर संपला होता. तिथे कुणालाही कुठे जायचं नव्हतं, त्यामुळे तिला सगळं सांगता आलं आणि मला सगळं ऐकता आलं.

गाडी खाली झेपावते तेव्हा

‘नायट्रो’ हा इमॅजिकातला मोठा कोस्टर. त्याला पायाखाली जमीनच नाही. पाय अधांतरी राहतात, म्हणून चपला काढूनच बसायचं. खांद्यावरून दांडा खाली येतो, कर्मचारी प्रत्येकाचा पट्टा स्वतःच्या हाताने ओढून बघतो, आणि मग पायाखालचा फलाट खाली जातो. गाडी साखळीवर चढू लागते.

अशा चढणीवर ऐकू येणारी टकटक घाबरवण्यासाठी नसते. गाडी मागे घसरू नये म्हणून बसवलेल्या खिट्ट्यांचा तो आवाज. साखळी सुटली की पुढचं सगळं काम गुरुत्वाकर्षणाचं. ४० मीटर उंचीवरून खाली येणारी गाडी, घर्षण सोडून दिलं तर, ताशी साधारण १०० किलोमीटरचा वेग गाठते. बहुतेक मोठ्या कोस्टरची चाकं रुळांना तीन बाजूंनी धरतात. वरून, बाजूने आणि खालून चाकं असल्याने गाडी उलटी झाली तरी रूळ सोडत नाही.

वर्तुळात फिरवणारा जो वेढा दिसतो, तो नीट पाहिला तर गोल नसतो, पाण्याच्या थेंबासारखा निमुळता असतो. १८९५ मध्ये कोनी आयलंडला अगदी गोल वेढ्याचा कोस्टर बांधला होता. त्यात शिरतानाच मानेला असा हिसका बसायचा की लोकांना इजा झाल्या. १९७६ साली कॅलिफोर्नियाच्या मॅजिक माउंटनमध्ये अभियंता वेर्नर श्टेंगेल यांनी निमुळता वेढा वापरला आणि तो प्रश्न सुटला.

पोटात गोळा येतो तो आतड्यांना आधार सुटल्यासारखा वाटतो म्हणून. हा गोळा हवा असेल तर मागची रांग पकडावी. पुढचे डबे उतारावर ओढत असतात, त्यामुळे मागचा डबा माथ्यावरून वेगाने खेचला जातो. ज्याला समोरचं दृश्य हवं त्याने पुढे बसावं.

दोघांचा दिवस

आमचा एक नियम आहे. प्रत्येकीने आपल्याला हव्याच अशा दोन राइड्स निवडायच्या, बाकी जे जमेल ते. दुसरा नियम त्याहून महत्त्वाचा. कुणी ‘नको’ म्हटलं की विषय संपला. नायट्रोपाशी मैत्रीण म्हणाली, “मी नाही गं बसणार. तू जा, मी बॅगा सांभाळते.” मी गेले. ‘काय घाबरतेस’, ‘एकदा बसून तर बघ’ असं म्हणून ओढून नेण्यात मैत्रीचा काही विजय नाही. हृदयविकार, मान-पाठीचं दुखणं, गरोदरपण असताना तर मोठ्या राइड्स टाळायलाच हव्यात. तशी सूचना दारावर लिहिलेली असते, ती वाचावी.

मोठ्या राइड्स सकाळीच उरकाव्यात, तेव्हा रांगा लहान असतात आणि पोट हलकं असतं. दुपारच्या उन्हात छपराखालच्या, गार हवेतल्या राइड्स बऱ्या. जेवण झाल्यावर तासभर नुसतं बसावं.

त्या तासात बघण्यासारखंही पुष्कळ असतं. इमॅजिकात पाण्यातून नेणारी एक राइड ‘राजासॉरस’च्या नावाने आहे. हा डायनोसॉर कल्पनेतला नाही. गुजरातेत रहिओलीला सापडलेल्या जीवाश्मांवरून २००३ मध्ये त्याला राजासॉरस नर्मदेन्सिस हे नाव मिळालं. तो सुमारे पावणेसात कोटी वर्षांपूर्वी वावरत होता. त्या कालखंडाच्या आसपासच दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थरांवर थर साचायला लागले. पार्कच्या मागे उभा असलेला सह्याद्री त्याच थरांचा आहे. खोटा राजासॉरस आणि त्याच्या काळाच्या शेवटाचा खरा साक्षीदार एकाच बाकावरून दिसतात. मैत्रिणीला मी हे सांगितलं, तेव्हा पुढचा अर्धा तास आम्ही डोंगराकडेच बघत होतो. एक राइड हुकली, त्याचं दोघींना काही वाटलं नाही.

तिकीट महाग असतं, म्हणून ‘वसूल’ करायच्या नादात माणसं एका रांगेतून दुसऱ्या रांगेत पळतात आणि संध्याकाळी एकमेकांवर चिडलेली असतात. राइड्स मोजून पैसे वसूल होत नाहीत. चाळिशीच्या दोन माणसांना शेजारी बसून जिवाच्या आकांताने ओरडायची आणि पुढच्याच क्षणी पोट धरून हसायची मुभा आपल्या रोजच्या जगात कुठेच नाही. दिवसभर एकमेकांना हवा तेवढा वेळ द्यायची सवडही नाही. लहानपणी या दोन्ही गोष्टी आपोआप मिळायच्या, आता त्यांच्यासाठी एखादा रविवार मुद्दाम बाजूला काढावा लागतो. तो जरूर काढावा.