खाटेशेजारची दहा मिनिटे

समजा जुलै महिना आहे, लावणीचे दिवस आहेत, आणि वेंगुर्ल्याकडच्या गावातून पन्नाशीची एक बाई तापाने ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात दाखल झाली आहे. खाटेशेजारी एमबीबीएसचा विद्यार्थी उभा आहे, गाव नांदेडकडचे. काकी सांगते, ‘ताप इलो, आंग मोडान इला, पोटऱ्यो ठणकतत.’ विद्यार्थी वहीत ‘ताप, अंगदुखी’ एवढेच टिपतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. पोटऱ्या हा शब्द त्याच्या कानावरून गेला आहे. गेल्या आठवड्यात चिखलात उभे राहून काम केले का, हे तो विचारत नाही. पोटरीचा स्नायू हलका दाबून पाहत नाही, की खालची पापणी ओढून पू नसलेली ती विशिष्ट लाली शोधत नाही. याच विद्यार्थ्याला लेप्टोस्पायरोसिसवर दहा मार्कांचा प्रश्न घाला. जंतूचे नाव, उंदराच्या लघवीतून दूषित होणारे पाणी, कावीळ, मूत्रपिंडावरचा परिणाम, औषधे, सगळे तो लिहील. त्याला येते असे म्हणायचे की येत नाही असे? वैद्यकीय शिक्षणावर गेली पन्नास वर्षे झालेले बरेचसे संशोधन या एका प्रश्नाभोवती फिरते, आणि सिंधुदुर्गासारख्या जिल्ह्याला तर तो टाळताच येणार नाही.

मालवण, देवगड, सावंतवाडीच्या माणसाने मोठे दुखणे आले की गोव्याला बांबोळी गाठायची, ही इथली पिढ्यांची रीत आहे. बांबोळीच्या महाविद्यालयाचे मूळ १८४२ पर्यंत मागे जाते. सिंधुदुर्गात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले ते २०२१-२२ मध्ये, एमबीबीएसच्या १०० जागा घेऊन; पडव्याला खासगी महाविद्यालयही आहे. इमारती, खाटा, पदे यांवर जिल्ह्यात खूप बोलले जाते आणि ते बोललेच पाहिजे. पण या महाविद्यालयांतून बाहेर पडणारा डॉक्टर नेमका कसा घडतो आणि तो घडला हे कळते कसे, याची चर्चा आपण विद्यापीठाच्या निकालावर सोपवून मोकळे होतो. मला वाटते चूक इथेच होते. परीक्षा ही शिक्षण संपल्यावर घ्यायची मोजणी, असे आपण धरून चाललो आहोत. नीट घेतलेली परीक्षा हाच शिकवण्याचा सर्वांत परिणामकारक भाग असतो, आणि ती वर्षाअखेरीस एकदा न घेता खाटेशेजारी, थोडी थोडी, वारंवार आणि शिक्षकाच्या डोळ्यांसमोर व्हायला हवी.

पुरावा आधी स्मरणाचा घेऊ. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो चार वेळा वाचला. काहींनी एकदाच वाचून पुढे तीन वेळा, उतारा न बघता, आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्क्यांना ७१. आठवड्याने चित्र उलटले. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवले, लिहून काढणाऱ्यांना ६१. हे कॉलेजच्या मुलांचे झाले, डॉक्टरांचे काय? २००९ मध्ये लार्सन आणि सहकाऱ्यांनी निवासी डॉक्टरांवर तसाच प्रयोग केला. ज्या विषयाची उत्तरासह छोटी चाचणी दोन-दोन आठवड्यांनी झाली होती, त्यात सहा महिन्यांनी सरासरी ३९ टक्के गुण मिळाले. जो विषय नुसता पुन्हा वाचला होता, त्यात २६. आकडे दोन्हीकडे लहानच आहेत, सहा महिन्यांत माणूस किती विसरतो ते त्यातून दिसते, पण फरक ठळक आहे. प्रिलिमच्या आधी महिनाभर रात्री जागून केलेली घोकंपट्टी परीक्षेच्या दिवशी खरोखर उपयोगी पडते, म्हणून तर ती टिकून आहे. इंटर्नशिपच्या आठव्या महिन्यात ती हाताशी नसते.

तरी आठवणे म्हणजे करता येणे नव्हे. १९९० मध्ये जॉर्ज मिलर यांनी या फरकाचा चार पायऱ्यांचा मनोरा मांडला: माहीत आहे, कसे करायचे ते माहीत आहे, करून दाखवतो, आणि प्रत्यक्ष कामात करतो. लेखी पेपर पहिल्या दोन पायऱ्यांवरच थांबतो. तिसरीसाठी स्कॉटलंडमधील डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये ‘ओस्की’ ही पद्धत सुचवली: घंटा वाजली की विद्यार्थी एका टेबलाकडून दुसऱ्याकडे जातो, कुठे रक्तदाब घ्यायचा, कुठे छाती तपासायची, आणि प्रत्येकाला तेच काम, तीच गुणपत्रिका. आपल्याकडच्या जुन्या ‘लाँग केस’ परीक्षेत एकाला सोपा रुग्ण येतो, दुसऱ्याला अवघड, आणि बाहेरून आलेला परीक्षक (एक्स्टर्नल) कोण यावर बरेच अवलंबून असते. शिवाय बऱ्याचदा विद्यार्थी रुग्णाजवळ एकटाच असतो. परीक्षक येतो तो नंतर, केस ऐकायला. म्हणजे पोट तपासले असे विद्यार्थी सांगतो, हात कसा ठेवला हे कोणी पाहिलेले नसते. मुळात एका केसवरून निष्कर्ष काढणेच धोक्याचे. एल्स्टीन आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्येच दाखवले होते की एका रुग्णाचे निदान उत्तम करणारा दुसऱ्याचे तितकेच उत्तम करेल याची खात्री देता येत नाही. निदानाचे कौशल्य ज्या त्या आजाराला चिकटलेले असते. मग उपाय एकच उरतो: अनेक रुग्ण, अनेक प्रसंग, अनेक शिक्षक.

चौथी पायरी खरी महत्त्वाची, आणि तिच्यासाठी लागते ते फार थोडे. जॉन नॉर्सिनी यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या पद्धतीत शिक्षक वॉर्डातच, खऱ्या रुग्णाशी विद्यार्थी बोलत असताना, बाजूला गप्प उभा राहतो. थोड्या वेळात ते आटोपते. शिक्षक लगेच काय बरे झाले आणि काय राहिले ते सांगतो आणि काही बाबींवर शेरा लिहितो. त्या लावणीवाल्या काकीकडे परत जाऊ. शिक्षक तिथे दहा मिनिटे उभा असता तर काकीने पोटऱ्या म्हटले आणि पोराची पेन्सिल तिथे थांबली नाही, हे त्याला दिसले असते. निदान राहिले हा निष्कर्ष झाला. ते नेमक्या कुठल्या क्षणी राहिले हे पाहणाऱ्यालाच सांगता येते. भाषेचेही तसेच. ‘जीव घाबरता’ म्हणणाऱ्या म्हाताऱ्या रापणकराला धडधड होते आहे, साखर उतरली आहे की धास्ती वाटते आहे, हे दोन प्रश्न जास्त विचारल्याखेरीज कळत नाही, आणि हे प्रश्न कुठल्याही एमसीक्यूत बसत नाहीत. दोडामार्गात २०१६ साली माकडताप आला तेव्हाही डोंगरात काजूच्या बागेत कामाला जाता का, आसपास मेलेले माकड दिसले का, हे विचारणारा डॉक्टर हवा होता. त्या तापाचा १९५७ साली कर्नाटकात सापडलेला विषाणू पाठ असणे त्यानंतरचे.

हे सगळे कागदावर आपल्याकडे आलेले आहे, हे मुद्दाम सांगायला हवे. १९९७ नंतर थेट २०१९ मध्ये एमबीबीएसचा अभ्यासक्रम बदलला आणि तो क्षमतांवर आधारला गेला. प्रत्येक क्षमतेपुढे मिलरच्या पायऱ्यांची खूण आहे, पहिल्या वर्षापासून रुग्णाशी भेट आहे, संवाद आणि नीतीचा वेगळा भाग आहे, पुढे कुटुंब दत्तक घेण्याचा कार्यक्रमही आला. सेवाग्रामच्या महाविद्यालयाने तर १९६९ मध्ये स्थापन झाल्यापासून विद्यार्थ्यांना खेड्यात नेऊन ठेवण्याची परंपरा जपली आहे, आणि मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात २००५ पासून शिक्षकांना शिकवण्याचे प्रशिक्षण देणारे केंद्र चालते. म्हणजे जाणकारांची वाण नाही. अडते ते विद्यार्थ्याने काय करून दाखवले याची नोंद ठेवणाऱ्या लॉगबुकात. त्यातली शिक्षकाची सही ही पाहिल्याची खूण असायला हवी; ती टर्मच्या शेवटी एकगठ्ठा झाली तर सगळा अभ्यासक्रम मूळ पदावर येतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो शिक्षकांच्या संख्येचा, आणि तो खरा आहे. नव्या जिल्हा महाविद्यालयात रुग्णसेवा, वर्ग आणि तपासण्यांची कागदपत्रे सांभाळून १०० मुलांना कोण पाहणार? पण हिशेब करून बघावा. २० शिक्षकांनी आठवड्याला प्रत्येकी दोन वेळा दहा मिनिटे दिली, तर अडीच आठवड्यांत १०० जण एकदा पाहून होतात, आणि शिक्षकाचे आठवड्याला जातात वीस मिनिटे. एक व्याख्यान कमी केले तरी ती निघतात. दुसरा आक्षेप पक्षपाताचा: शिक्षक आपल्या आवडत्याला चढवून मार्क देईल. म्हणूनच या दहा मिनिटांना मार्कच नसावेत, निदान सुरुवातीला. शेरा असावा, आणि पास-नापास अनेक शिक्षकांच्या अनेक शेऱ्यांवरून ठरावे. काय विचारले, काय तपासले याच्या याद्यांवर टिकमार्क करणे हा पक्षपातावरचा उपाय वाटतो, पण तो फसवा आहे. टोरांटोच्या ब्रायन हॉजेस यांनी १९९९ मध्ये दाखवले की ओस्कीतल्या अशा याद्यांवर अनुभवी डॉक्टरांना विद्यार्थ्यांपेक्षा कमी गुण पडले, कारण जाणता डॉक्टर यादीतले सगळे प्रश्न विचारत बसत नाही, नेमक्या प्रश्नाकडे लवकर जातो. जाणत्याच्या नजरेला पर्याय म्हणून यादी चालत नाही.

तिसरा आक्षेप विद्यार्थ्यांचाच आहे आणि मला तो सर्वांत जड वाटतो. पदव्युत्तर शिक्षणाची (पीजी) जागा ठरते ती पर्यायी प्रश्नांच्या एका परीक्षेवर. मग वॉर्डात दहा मिनिटे घालवायची की त्या वेळात तीस प्रश्न सोडवायचे? अठरा-वीस वर्षांच्या मुलाला यासाठी दोष देणे अन्यायाचे आहे. त्याने स्पर्धा उभी केलेली नाही. जोवर पुढच्या प्रवेशात वॉर्डातल्या कामाला कवडीची किंमत नाही, तोवर महाविद्यालयाने कितीही चांगली पद्धत आणली तरी मुलांचे मन पुस्तकातच राहणार. पण एवढे नक्की की लार्सनच्या प्रयोगातली छोटी चाचणी पीजीच्या तयारीलाही उपयोगी पडते, आणि प्रत्यक्ष पाहिलेल्या रुग्णाला चिकटलेली माहिती सहजी सुटत नाही. काकीच्या पोटऱ्या ज्याने एकदा स्वतः दाबून पाहिल्या आणि तिचा चेहरा आक्रसलेला बघितला, त्याला लेप्टोवरचा पर्यायी प्रश्न पाठ करावा लागत नाही. तेव्हा सुरुवात ओरोसला याच पावसाळ्यात, एका युनिटात, तापाच्या रुग्णांपासून करता येईल: लावणीच्या दिवसांत रोज एक विद्यार्थी, एक रुग्ण, आणि दहा मिनिटे बाजूला गप्प उभा असलेला एक शिक्षक.