कात्रीने ठरवलेला हंगाम

युरोपातली द्राक्षवेल हिवाळ्यात झोपते, वसंतात फुटते आणि सप्टेंबरच्या सुमारास तोडणीला येते. नाशिकच्या वेलीला अशी झोप नाही; इथली थंडी तेवढी कडक नसते. त्यामुळे वर्षाचे दोन भाग शेतकरीच कात्रीने पाडतो: एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी. फळ एकदाच, जानेवारी ते मार्च.

निसर्गावर मात केल्यासारखं वाटतं, पण तो भ्रमच. खरड छाटणीनंतर काडीवरच्या डोळ्यात पुढचा घड आकार घेतो. याला सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात. त्या दिवसांत ऊन हवंच. आभाळ सतत भरलेलं राहिलं, तर गोडी छाटणीनंतर फुटीवर घडाऐवजी नुसती बाळी, म्हणजे वेलीचा ताणा, दिसते. म्हणजे फेब्रुवारीचं पीक मे-जूनमध्येच हातचं गेलेलं असतं!

गोडी छाटणीची तारीख हा खरा जुगार. लवकर छाटली, तर कोवळी फूट परतीच्या पावसात सापडते आणि पानाखाली डावणी रोगाची पांढरी बुरशी धरते. फुलोऱ्यात पाऊस झाला, तर गळ आणि कूज. उशिरा छाटली, तर घड मार्चच्या उन्हात पिकतो.

वाइनसाठी पिकवलेल्या द्राक्षाला हे ऊन का नको? मण्यात पाणी उतरलं, म्हणजे तो मऊ पडू लागला, की साखर वाढते, आम्लता घटते. नाशिकच्या थंड रात्री ही घट रोखून धरतात. रात्र उबदार झाली की आंबटपणा भराभर उतरतो आणि वाइन सपक होते. म्हणून तोडणीआधी नुसती साखर मोजून भागत नाही. मणी चावून बघायचा, बी दाताखाली फोडायची: हिरवी आणि तुरट असेल तर थांबा, तपकिरी आणि कुरकुरीत असेल तर माणसं बोलवा. पांढऱ्या वाइनची सोविन्यॉं ब्लां आधी येते, लाल वाइनची शिराझ, कॅबर्ने मागून. तोडणी शक्यतो पहाटे, घड गार असतानाच.

नाशिकच्या 'सुला' वायनरीची पहिली वाइन २००० साली बाजारात आली, तेव्हापासून खाण्याच्या द्राक्षांच्या या जिल्ह्यात हे वेगळं गणित रुजलं. थॉमसन या बिनबियांच्या खाण्याच्या द्राक्षाचा मणी बाजारात गेला नाही, तरी बेदाणा होतो. वाइनच्या बियाळ, जाड सालीच्या बारक्या मण्याला मात्र वायनरीखेरीज गिऱ्हाईक नाही. त्यात अचानक ऊन तापलं की साऱ्या बागा एकदम पिकतात, वायनरीच्या टाक्या भरलेल्या असतात, आणि ज्याचा नंबर उशिरा, त्याच्या घडातली आम्लता वेलीवरच उतरत जाते.