टायरवरची पांढरी अक्षरं: रंगाचं पेन उघडण्याआधी हे वाचा



कार वॉशिंग किंवा डिटेलिंगचा व्यवसाय सुरू केलात की एक काम कधी ना कधी येणारच. ग्राहक टायरकडे बोट दाखवून म्हणतो, "ही अक्षरं पिवळी पडलीत, जरा पांढरी करून द्या ना." मग आपण काय करतो? बाजारातून पांढरं टायर पेन आणतो, अक्षरं रंगवतो, पैसे घेतो. गाडी चकाचक! पण काही आठवड्यांत तोच ग्राहक परत येतो, कारण रंग पिवळा पडलाय आणि कडांना पोपडे सुटलेत. एक ग्राहक गेला, आणि तो चार जणांना सांगणार ते वेगळंच.

म्हणून आधी ही अक्षरं म्हणजे नक्की काय आहे ते समजून घेऊ.

हा प्रकार मूळचा अमेरिकेतला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तिकडे मसल कारचा जमाना होता. मोठं इंजिन, रुंद टायर, आणि टायरवर ठळक पांढऱ्या अक्षरांत कंपनीचं नाव, अगदी रेसच्या गाडीसारखं. गुडइयरचा पॉलीग्लास, फायरस्टोनचा वाइड ओव्हल, नंतर बीएफगुडरिचचा रेडियल टी/ए ही त्यातली गाजलेली नावं. आज त्या गाड्या जपणारे हौशी लोक इतके आहेत की जुन्या नमुन्याचे टायर नव्याने बनवून विकणं हाच तिकडे एक वेगळा धंदा झालाय. टेनेसी राज्यात १९५८ मध्ये सुरू झालेली कोकर टायर ही कंपनी याच कामासाठी ओळखली जाते. बघा, कोनाडा केवढासा, पण त्यावर कंपनी उभी आहे.

आपल्याकडे मसल कार मोजक्याच. पण थार, जिमनी, जुनी जिप्सी यांना पांढऱ्या अक्षरांचे ऑल टेरेन टायर घालणारे भरपूर आहेत. गाडी वेगळी असली तरी अक्षरांचं तंत्र तेच. तुमचं काम तिथून येणार.

आता मुद्द्याची गोष्ट. कंपनीतून आलेली ही अक्षरं रंगवलेली नसतात. टायर काळा होतो तो कार्बन ब्लॅकमुळे. अक्षरांच्या जागी बाजूच्या भिंतीत कार्बन ब्लॅक नसलेल्या पांढऱ्या रबराचा थर असतो आणि त्यावर काळ्या रबराचं पातळ आवरण. साच्यातून टायर बाहेर आला की उंच आलेल्या अक्षरांवरचं ते आवरण घासून काढतात आणि आतलं पांढरं उघडं पडतं. नव्या टायरवर निळसर थर दिसतो ना? तो पांढरं रबर डागाळू नये म्हणून लावलेला असतो. टायर बसवल्यावर साबण, कोमट पाणी आणि ब्रशने तो निघतो. "टायरला निळा रंग लागलाय" म्हणून घाबरून येणारे ग्राहकही भेटतील. त्यांना हे दोन मिनिटांत समजावून सांगा, पैसे घेऊ नका. पुढच्या वेळी तुमच्याकडेच येतील.

मग पिवळं-तपकिरी का होतं? हवेतल्या ओझोनमुळे रबराला भेगा पडतात. त्या पडू नयेत म्हणून काळ्या रबरात काही रसायनं आणि मेण घातलेलं असतं. ते हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि तपकिरी पडतं. हे टायरचं संरक्षणच आहे, काळ्यावर ते फारसं कळत नाही, पांढऱ्यावर कळतं. त्यात ब्रेकची धूळ आणि तेलकट टायर पॉलिशची भर पडते. थोडक्यात, पांढरं रबर बहुतेक वेळा खाली शाबूत असतं, फक्त झाकलेलं असतं. रंग लावला तर त्याच तपकिरी थरावर लागतो. तो टिकणार कसा?

काम हातात घेण्याआधी अक्षराचा एक कोपरा ओला करून ४०० नंबरच्या वॉटर पेपरने हलकेच घासा. खालून पांढरं आलं तर ते रबर आहे. काळं आलं तर आधी कुणीतरी रंगवलंय. अक्षर मुळातच काळं असेल तर "घासत राहिलो की पांढरं निघेल" या भरवशावर राहू नका. तिथे पांढरा थर नसतोच, तुम्ही फक्त टायर झिजवाल.

धुताना गाडी सावलीत घ्या, टायर गार होऊ द्या. आधी पाण्याने माती काढा. मग ऑल पर्पज क्लीनर किंवा भांड्यांचा साबण लावा, एक-दोन मिनिटं थांबा, पण सुकू देऊ नका. आधी ब्रशने आणि मग भांडी घासायच्या हिरव्या घासणीने फक्त अक्षरांवर घासा. तपकिरी पाणी वाहायला लागलं की समजा काम जमतंय. धुवा, परत एकदा करा. हट्टी डाग उरलाच तर ओला वॉटर पेपर, तोही हलक्या हाताने, कारण पांढऱ्या रबराची जाडी मोजकीच असते. तारेची जाड घासणी, पेट्रोल, थिनर यांना हात लावू नका, रबर खराब होतं. तीव्र क्लीनर वापरत असाल तर अलॉय व्हीलवर उडू देऊ नका. पॉलिश केलेल्या ॲल्युमिनियमवर डाग पडला तर टायरच्या कामात चाकाचा खर्च तुमच्या गळ्यात. शेवटी काळ्या भागाला वॉटर बेस ड्रेसिंग लावा आणि अक्षरांवर आलेलं लगेच पुसून घ्या.

रंगवणं कायमचं बाद आहे असं नाही. मुळात काळी अक्षरं असतील आणि ग्राहकाला पांढरीच हवी असतील तर रंगवावीच लागतात. तेव्हा आधी स्वच्छ धुऊन, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, पातळ थर एकावर एक द्या. पण ते टिकाऊ नाही हे आधी सांगा, कारण चालताना टायर सतत वाकतो.

दराचं गणित बघू. समजा एका टायरला २० मिनिटं, म्हणजे चार टायरना ८०. गाडी मागेपुढे घेणं, सुकवणं धरून २ तास. तुमच्या तासाचे ३०० रुपये धरले तर मजुरी ६०० आणि साहित्याचे ६०. म्हणजे ६६० च्या खाली गेलात की खिशातून गेले! "वॉशिंगबरोबर फुकट" असं तर अजिबात करू नका. हे डाग पुन्हा येतात, म्हणजे काम पुन्हा येणार आहे. फुकटची सवय लागली की पुढच्या वेळी पैसे मागता येत नाहीत.

आणि एक गोष्ट जिथे काम सोडून द्यावं लागलं तरी चालेल. टायरवर डॉट या अक्षरांनंतरच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ मधला २३ वा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० सालाच्या आधीचा. जपून ठेवलेल्या जुन्या गाड्यांवर असे टायर खरंच सापडतात. अनेक कार कंपन्या ६ वर्षांनंतर टायर बदलायला सांगतात, मग नक्षी कितीही शिल्लक असो. अक्षरांभोवती भेगा दिसत असतील तर घासू नका, ग्राहकाला बोलावून बोटाने दाखवा. अक्षरं पांढरीशुभ्र करून दिलीत तर तो टायर नवा समजून हायवेला काढेल.

प्रदर्शनासाठीच गाडी ठेवायची आहे असं ग्राहक म्हणाला तर जॉब कार्डवर तारखेचे आकडे लिहा, भेगांचा फोटो काढा, "टायर रस्त्यावर चालवण्यायोग्य नाही, असे सांगितले आहे" हे वाक्य लिहून खाली त्याची सही घ्या, आणि मगच पाण्याचा पाइप हातात घ्या.